रक्ताचा थेंब आणि मेंढीचें जुळें

तुळजापूरच्या किंवा भूमच्या माळावर मेंढरांचा कळप चरत असला, तर त्यांत दहापांच काळ्या शेळ्याही बहुधा दिसतात. निजामी अमदानींत धाराशिवास मीर उस्मान अली खान ह्यांच्या नांवावरून उस्मानाबाद म्हणूं लागले. २०२३ मध्यें जिल्ह्याला जुनें नांव परत मिळालें. शेळी मात्र अद्याप उस्मानाबादीच म्हणवून घेते. ही शेळी पुष्कळदां जुळीं करडें देते. तिच्या शेजारीं चरणारी दख्खनी मेंढी मात्र एका वेतास एकच कोकरूं देते. तिला जुळें होणें हा अपवाद होय. ऊन तेंच, पाणी तेंच, राखणारा धनगरही तोच. मग हा भेद कां?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. एके काळीं मेंढपाळाला लोंकरीचा आधार होता. घोंगडीचा वापर मागें पडला, जाड्याभरड्या लोंकरीला भाव उरला नाहीं, आणि त्याची मिळकत बव्हंशीं कोकरूं विकण्यावर येऊन ठेपली. चराऊ रानें नांगराखालीं गेल्यामुळें कळप वाढवून मिळकत वाढवावी, तर तेंही दुरापास्त झालें. तेव्हां आहे त्याच मेंढीनें दोन कोकरें दिलीं तर संसाराला हातभार लागेल, हें धनगराला कोणी शिकवावें लागत नाहीं. अडचण होती ती निराळीच.

जुळ्यांतला मेंढा निवडून पैदाशीस ठेवावा, हा साधा उपाय प्रथम सुचतो. परंतु जुळीं होण्याचा गुण प्रकट होतो मेंढीच्या ठायीं, आणि वंशांत तो वेगानें पसरवावयाचा तो मेंढ्याच्या द्वारें. मेंढा कांहीं वीत नाहीं! त्याच्या अंगीं हा गुण आहे कीं नाहीं हें जाणण्यास त्याच्या लेकी जन्माव्या, वाढाव्या, माजावर याव्या, आणि मग त्यांच्या पोटांत दुर्बीण घालून अंडाशयावरचे पिवळे पिंड मोजावे, एवढा खटाटोप करावा लागे. तोंवर मेंढा म्हातारा होऊं लागे.

ह्या कोड्याचा उलगडा ज्या वाटेनें झाला, ती वाट ऑस्ट्रेलियांतून जाते. न्यू साउथ वेल्स प्रांतांत कूमा गांवाजवळ बूरूला नांवाचें कुरण होतें. तेथील सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या नवल वाटावें इतकीं कोकरें देत. १९५८ च्या सुमारास त्यांनीं, एका वेळीं जन्मलेल्या पांचांपैकीं एक मेंढा, सरकारी संशोधनसंस्थेस दिला. हेलन न्यूटन टर्नर ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ह्या वंशाचा अभ्यास चालविला. १९८२ च्या सुमारास असें अनुमान निघालें कीं, हा गुण अनेक लहानसहान कारणांचा मिळून झालेला नसून एकाच मोठ्या जनुकाचा प्रभाव असावा. पण मेरिनोमध्यें हें जनुक आलें कोठून? जुनीं कागदपत्रें पाहतां असें दिसलें कीं, १७९२ व १७९३ सालीं कलकत्त्याहून सिडनीस गेलेल्या जहाजांतून बंगालचीं मेंढरें तेथें उतरलीं होतीं. बंगालच्या सुंदरबनांत गारोल नांवाची मेंढी आहे. वजन अवघें दहा ते पंधरा किलो, गुडघाभर पाण्यांत उभी राहून गवत खाणारी, आणि दोन-तीन कोकरें देण्यांत वाकबगार. संशय तिच्यावर गेला. पण कागदावरचा संशय म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा मिळाला तो २००१ मध्यें. त्या वर्षीं तीन निरनिराळ्या संशोधक-मंडळांनीं जवळजवळ एकाच वेळीं दाखवून दिलें कीं, ह्या जनुकाच्या लांबलचक लिपींत एका ठिकाणीं एकच अक्षर बदललेलें आहे. तेवढ्यानें, अंडाशयाला मिळणारा एक संदेश ग्रहण करणाऱ्या प्रथिनांत एक घटक पालटतो, आणि एका ऐवजीं दोन-तीन अंडीं पक्व होतात. लगेच दुसऱ्या वर्षीं गारोल मेंढीच्या रक्तांत तेंच बदललेलें अक्षर आढळलें. दोनशें वर्षांपूर्वींचा जहाजी प्रवास असा रक्ताच्या थेंबांत वाचावयास मिळाला.

अब्जावधि अक्षरांच्या ग्रंथांत एकच अक्षर वाचावयाचें कसें, हा ह्या कथेंतील सर्वांत मनोवेधक भाग आहे. रक्ताच्या नमुन्यांतून प्रथम डी.एन.ए. वेगळा काढतात. कॅरी मलिस ह्यांना १९८३ मध्यें सुचलेल्या युक्तीनें त्यांतील हवा तेवढाच तुकडा पुनःपुनः दुप्पट करतात: तापवून दोन धागे विलग करावयाचे, निववून प्रत्येकाला लहानशा आरंभकाची जोड द्यावयाची, आणि प्रत्येक धाग्याचा जोडीदार विकराकडून विणून घ्यावयाचा. अशा तीस फेऱ्या झाल्या कीं एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. हें विकर उकळत्या पाण्याजवळच्या उष्णतेंतही टिकतें, कारण तें मूळचें अमेरिकेंतल्या यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या जंतूचें आहे. थॉमस ब्रॉक ह्यांनीं तो जंतु शोधला तेव्हां मेंढ्यांचा विचार त्यांच्या स्वप्नींही नसेल. पुढची पायरी कात्रीची. एका नीलहरित शैवालापासून मिळणारें अव्हा-दोन नांवाचें विकर विशिष्ट अक्षरक्रम दिसला तरच डी.एन.ए. कापतें. आरंभकांत मुद्दाम एक अक्षर चुकीचें ठेवून संशोधकांनीं असा डाव रचला कीं, बदललेलें जनुक असेल तरच हा क्रम जुळावा. साधा तुकडा एकशें नव्वद अक्षरांचा तसाच राहतो. बदललेला कापला जाऊन एकशें साठांचा होतो. मग विजेच्या दाबाखालीं हे तुकडे जेलींतून पळवितात. आखूड तुकडा पुढें जातो, लांब मागें राहतो. वरची एकच रेघ दिसली तर गुण नाहीं, खालची एकच दिसली तर दोन प्रती, आणि दोन्ही दिसल्या तर एक. मेंढा असो वा कालपरवां जन्मलेलें कोकरूं असो, उत्तर कांहीं दिवसांत हातीं येतें.

महाराष्ट्रांत ह्या परीक्षेचा खरा उपयोग केला तो फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें. बनबिहारी निंबकर ह्यांनीं १९६८ मध्यें ती स्थापिली. संस्थेनें सुंदरबनांतून गारोल मेंढ्या आणून दख्खनी मेंढ्यांशीं त्यांचा संकर पूर्वींच आरंभिला होता. १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या साहाय्यानें चंदा निंबकर ह्यांच्या देखरेखीखालीं तें काम पद्धतशीर चाललें, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें रक्तपरीक्षेची बाजू सांभाळली. गारोलचा बुटका बांधा धनगराला पसंत पडणें शक्य नव्हतें. म्हणून पिढ्यानपिढ्या दख्खनी रक्त वाढवीत न्यावयाचें, आणि प्रत्येक पिढींत परीक्षा करून तें एक जनुक तेवढें हातचें सुटूं द्यावयाचें नाहीं, अशी ही मोठी चिकाटीची रीत होती. परीक्षेवांचून तें जनुक चार पिढ्यांत केव्हां निसटलें हें कळलेंही नसतें. ह्या खटपटींतून 'नारी सुवर्णा' हा वाण सिद्ध झाला.

येथें एक धोकाही होता. जनुकाच्या दोन प्रती असलेल्या मेंढीला तिळेंही होतें. आणि उन्हाळ्यांत माळावर हिंडणाऱ्या मेंढीला तिघांपुरतें दूध कोठून येणार? अधिक कोकरें जन्मून अधिक मेलीं तर धनगराला तो लाभ नसून मनस्तापच. एका प्रतीच्या मेंढ्यांचा अनुभव निराळा आला. शंभर मेंढ्यांमागें कोकरें दीडशेंच्या घरांत गेलीं, आणि त्यांतलीं बहुतेक जुळीं होतीं, तिळीं क्वचित्. म्हणून दोन प्रतींचा मेंढा, साध्या मेंढ्यांच्या कळपांत सोडावयाचा, अशी योजना ठरली. त्याच्या सर्व लेकींना बापाकडून एक व आईकडून साधी, अशी नेमकी एकच प्रत मिळते. गणित सोपें आहे. पण मेंढ्याच्या अंगीं दोन प्रती आहेत हें रक्त पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

जुळें झाल्यावर मेंढीला चार दिवस अधिक चारा, दुबळ्या कोकराला शेळीचें दूध, आणि वाघुरींत थोडी वेगळी जागा एवढी काळजी मेंढपाळाला घ्यावी लागते. ज्याच्या कळपांत दहापांच उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्याला दूध शोधीत दूर जावें लागत नाहीं.