मोनार्क फुलपाखरांचा माग कसा लागला?

उत्तर अमेरिकेत उन्हाळ्यात सर्रास आढळणारी मोनार्क फुलपाखरे थंडीची चाहूल लागताच दिसेनाशी होतात. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील ही कोट्यवधी फुलपाखरे हिवाळ्यात कोठे जातात, हे १९७५ सालापर्यंत शास्त्रज्ञांना कोडेच होते.

टोरांटो विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी या कोड्याचा अनेक दशके पाठपुरावा केला. जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाच्या फुलपाखराच्या पायात पक्ष्यांप्रमाणे कडे अडकवता येत नाही. पंखांवर डिंकाने लावलेल्या कागदी चिठ्ठ्या पावसात गळून पडत. अखेर दुकानातील वस्तूंवर किमतीसाठी लावतात तशी, दाबताच चिकटणारी चिठ्ठी उपयोगी पडली. तिच्यावर क्रमांक आणि ती परत पाठवण्याचा पत्ता छापलेला असे.

मात्र एका दांपत्याने खंडभर चिठ्ठ्या लावणे अशक्य होते. म्हणून १९५२ मध्ये नोरा यांनी एका नियतकालिकातून स्वयंसेवकांना आवाहन केले. सुरुवातीस बाराच जण पुढे आले. कालांतराने ही संख्या हजारोंवर गेली. त्यात शिक्षक होते, शाळकरी मुले होती, गृहिणीही होत्या. चिठ्ठ्या सापडलेल्या जागा नकाशावर मांडल्यावर फुलपाखरांचा ओघ नैर्ऋत्येला, टेक्सासमार्गे मेक्सिकोकडे जात असल्याचे दिसू लागले.

२ जानेवारी १९७५ रोजी केन ब्रगर व कॅटालिना आग्वादो या स्वयंसेवकांना मध्य मेक्सिकोतील सुमारे ३,००० मीटर उंचीवरच्या जंगलात फुलपाखरांनी लगडलेली झाडे आढळली. स्थानिक गावकऱ्यांना हे दृश्य परिचित होते. विज्ञानाला ते नवे होते. पुढील वर्षी अर्कहार्ट स्वतः तेथे गेले असता, त्यांना मिनेसोटात दोन विद्यार्थी व त्यांच्या शिक्षकाने चिठ्ठी लावलेले फुलपाखरू मिळाले. प्रवासाचा पुरावा हाती आला.

हे काम १९९२ पासून कॅन्सस विद्यापीठातील 'मोनार्क वॉच' हा उपक्रम पुढे नेत आहे. मेक्सिकोत फुलपाखरांनी व्यापलेले वनक्षेत्र दरवर्षी मोजले जाते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर होते, तर २०१३-१४ मध्ये अवघे ०.६७ हेक्टर उरले. शेतांतील तणनाशकांमुळे घटलेले मिल्कवीड, जंगलतोड आणि बदलते हवामान ही यामागील प्रमुख कारणे मानली जातात. मिल्कवीड ही आपल्या रुईच्या कुळातील वनस्पती असून, मोनार्कच्या अळ्या केवळ तिच्याच जातींवर वाढतात.

चिठ्ठीच्या जोडीला आता मोबाईल आला आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'आयनॅचरलिस्ट'वर कोणीही कीटकाचे छायाचित्र, स्थळ आणि दिनांक नोंदवू शकतो व जाणकार त्याची ओळख पडताळतात. भारतातही 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'वर अशा नोंदी करता येतात. अंगणातील रुईवर दिसलेल्या फुलपाखराची नोंद एकटी क्षुल्लक वाटेल. पण अशाच सुट्या नोंदी जुळवून मोनार्कची वाट सापडली होती.