सोन्याचा हॉलमार्क मोबाईलवर कसा तपासायचा? एचयूआयडी कोडची सविस्तर माहिती

सोनं घेताना आपण भाव विचारतो, घडणावळीवर घासाघीस करतो, पण दागिन्यावर कोरलेली ती बारीक अक्षरं फार कमी जण वाचतात. खरं तर त्यातला सहा अक्षरी कोड तुमच्या खिशातल्या फोनवर अर्ध्या मिनिटात तपासता येतो. तो कसा तपासायचा आणि त्यातून नेमकं काय कळतं, ते या लेखात पाहू.

हॉलमार्क म्हणजे काय?

दागिन्यात सोनं किती शुद्ध आहे, याची मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करून उमटवलेली खूण म्हणजे हॉलमार्क. भारतात हे काम भारतीय मानक ब्यूरोच्या, म्हणजे बीआयएसच्या देखरेखीखाली चालतं. सोन्यासाठी ही योजना 2000 साली सुरू झाली. जून 2021 पासून ती टप्प्याटप्प्याने जिल्हावार सक्तीची होत गेली. 1 एप्रिल 2023 पासून सक्ती असलेल्या ठिकाणी सराफाला एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

दागिन्यावर कोणत्या तीन खुणा असतात?

1. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह.
2. शुद्धता, उदा. 22के916. म्हणजे 22 कॅरेट, 1000 भागांत 916 भाग सोनं. 18 कॅरेटला 750 आणि 14 कॅरेटला 585 असतं. 10 ग्रॅमच्या 22 कॅरेट साखळीत 9.16 ग्रॅम शुद्ध सोनं असतं, बाकी तांबं, चांदी वगैरे.
3. एचयूआयडी. अंक आणि इंग्रजी अक्षरं मिळून सहा अक्षरांचा कोड. प्रत्येक दागिन्याचा वेगळा.

जुन्या दागिन्यांवर चार खुणा दिसतील. त्यात एचयूआयडीऐवजी तपासणी केंद्राची आणि सराफाची खूण असते. तो हॉलमार्कही खराच आहे, फक्त ॲपमध्ये शोधता येत नाही. आणि 'केडीएम' असं लिहिलेलं असेल तर तो हॉलमार्क नव्हे. कॅडमियम वापरून डाक दिल्याची ती खूण आहे.

फोनवर कसं तपासायचं?

- 'बीआयएस केअर' ॲप डाउनलोड करा.
- 'व्हेरिफाय एचयूआयडी' हा पर्याय उघडा.
- कोड टाका. अक्षरं लेझरने फार बारीक कोरलेली असतात, म्हणून सराफाकडचं भिंग मागून घ्या. मी कॅमेऱ्याने फोटो काढून झूम करतो. शून्य आणि 'ओ' यांची गल्लत होऊ देऊ नका.
- स्क्रीनवर सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्राची माहिती, दागिन्याचा प्रकार, हॉलमार्क केल्याची तारीख आणि शुद्धता दिसेल.

कोड सापडला, म्हणजे झालं का?

नाही, आणि इथेच बरेच जण थांबतात. माझं रोजचं काम डेटाबेसशी आहे, त्यामुळे हे चटकन लक्षात येतं. ॲप फक्त एवढंच सांगतं की या कोडची नोंद आहे. तुमच्या हातातला दागिना तोच आहे का, हे ॲपला कळत नाही. खऱ्या अंगठीचा कोड उचलून कुणी बांगडीवर कोरला, तरी सर्च केल्यावर नोंद येणारच!

म्हणून स्क्रीन आणि दागिना शेजारी धरून जुळवा. प्रकार तोच आहे का? शुद्धता तीच कोरली आहे का? एकाच दुकानात दोन दागिन्यांवर एकच कोड दिसला, तर घेऊ नका. आणि हे सगळं पैसे देण्याआधी करा.

बिलावर काय हवं?

दागिन्याचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेटसह शुद्धता आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगळं लिहिलेलं हवं. हे शुल्क एका दागिन्याला 45 रुपये अधिक जीएसटी इतकंच आहे. दागिना 3 ग्रॅमचा असो की 30 ग्रॅमचा, शुल्क तेवढंच. 'हॉलमार्कमुळे महाग पडतं' असं कुणी सांगितलं, तर हा आकडा लक्षात ठेवा.

शंका आली तर?

बीआयएसमान्य तपासणी केंद्रात ग्राहक स्वतः दागिना तपासून घेऊ शकतो. चार दागिन्यांपर्यंत 200 रुपये लागतात. शुद्धता कमी निघाली, तर जेवढं सोनं कमी भरलं त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च भरपाई म्हणून मिळण्याची तरतूद 2018 च्या बीआयएस नियमांत आहे. समजा, 10 ग्रॅमची 22 कॅरेट सांगितलेली साखळी 18 कॅरेट निघाली. फरक 1.66 ग्रॅमचा, म्हणजे भरपाई 3.32 ग्रॅम सोन्याच्या किमतीची. पण त्यासाठी पक्कं बिल हवं. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या सोन्याचं भांडण सिद्ध करणं अवघड जातं. तक्रार याच ॲपमधून करता येते.

हॉलमार्क नाही म्हणजे खोटं सोनं?

तसंही नाही. 2 ग्रॅमपेक्षा हलके दागिने, तसंच कुंदन, पोलकी आणि जडाऊ काम यांना सक्तीतून सूट आहे. त्यामुळे छोट्या चमकीवर कोड नसू शकतो. आजीच्या पाटल्यांवर खूण नसली, तरी त्या मोडीत देता येतात, कारण सक्ती सराफाने विकण्यावर आहे, तुमच्यावर नाही. मात्र मोडीला नेण्याआधी तपासणी केंद्रातून शुद्धतेचा रिपोर्ट घेतलात, तर 'यात घट फार आहे' म्हणणाऱ्यासमोर ठेवायला तुमच्या हातात कागद असेल.