स्वप्नातली जोड

गणपतीच्या दिवसांत रात्रीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, बायकामंडळी घराकडे वळली, की आमच्या मांडवातल्या खुर्च्या आपोआप गोल होतात. चहा येतो, कोणीतरी खमण आणतो आणि विषय निघतो. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी एका नातवाने मोबाइलवरचा मुष्टियुद्धाचा खेळ दाखवला. त्यात म्हणे कोणत्याही काळातले दोन मुष्टियोद्धे घ्यायचे आणि लढवायचे. आमच्यातले एक आजोबा कोल्हापूरकडचे. ते लगेच म्हणाले, "ते ठोसेबाजीचं राहू दे. गामा आणि खाशाबा लावून दाखव." खेळात ते दोघे नव्हते. मग आम्हीच लावायला बसलो, आणि घरी जायला दोन वाजले.

हा नाद नवा नाही. 1969 साली मायामीतल्या मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो यांची अशीच लढत जुळवली. मार्सियानो 1956 मध्ये अजिंक्य म्हणून निवृत्त झालेला, 49 लढती आणि 49 विजय. अली अजिंक्य, पण सैन्यात जायला नकार दिल्यामुळे रिंगणाबाहेर बसवलेला. दोघांची सगळी माहिती संगणकात भरली आणि दोघांना कॅमेऱ्यासमोर खोटे खोटे लढवले. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवले, शिवाय डोक्यावर केसांचा टोप चढवला! जानेवारी 1970 मध्ये तो चित्रपट थिएटरांत लागला तेव्हा मार्सियानो विमान अपघातात जाऊन काही महिने झाले होते. अमेरिकेत तेराव्या फेरीत अली पडताना दाखवला. युरोपात काही ठिकाणी मात्र अलीच जिंकला. संगणक एक, प्रेक्षक दोन, म्हणून निकालही दोन.

आपल्याकडे ठोसेबाजी नव्हती असे मात्र नाही. आमच्यातली काही घराणी गायकवाडी नोकरीमुळे नवसारी प्रांतात आली आणि तिथून सुरतेत स्थिरावली. बाकीची बरीच ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेशातून आली. त्या वाटेवर आजही सोनगड लागते, गायकवाडांचे पहिले ठाणे. त्याच गायकवाडांच्या बडोद्यात खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत मल्ल मुठीत शिंगाची नखे धरून लढत. 1860च्या दशकात आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने ते पाहून लिहून ठेवले आहे. रक्ताने माखलेले अंग आणि वर बसून पाहणारा दरबार, असे ते वर्णन आहे. पण त्या मल्लांतल्या एकाचेही नाव आमच्या मांडवात कोणाला सांगता येईना. नावच नाही तर जोड कशी लावणार?

नाव राहिले ते गामाचे. बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये एक दगड आहे. 23 डिसेंबर 1902 रोजी गुलाम महंमद ऊर्फ गामा पहिलवानाने तो उचलला, असे त्यावर कोरले आहे. लहानपणी बडोद्याला गेलो की आमचे वडील आम्हांला आधी तिथे नेत, नंतर बाकीचे म्युझियम. दगडाचे वजन 1,200 किलो सांगतात. हा आकडा आम्हांला पूर्वीही जरा जड जायचा आणि आजही जातो. पण दगड समोर उभा आहे आणि आपल्याला तो हलवताही येत नाही, एवढे खरे.

तर गामा विरुद्ध खाशाबा. पहिला प्रश्न वजनाचा. खाशाबा 57 किलोचे, गामा त्यांच्या दीडपटीच्याही वर. गावच्या जत्रेत पंच मल्लांच्या अंगापिंडावर नजर टाकून जोड ठरवत; त्यांनी ही जोड हातात हात देण्याआधीच मोडली असती. दुसरा प्रश्न त्याहून मोठा: माती की मॅट? आणि निकाली की गुणांवर?

याचे उत्तर गामाच्याच आयुष्यात आहे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को गामासमोर उभा राहिला आणि लगेच पोटावर आडवा झाला तो उठेचना. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटवायला बघत होता. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुन्हा लढायचे ठरले, त्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही. मग 1928 च्या जानेवारीत पतियाळात, भारतीय पद्धतीने, तेच दोघे पुन्हा भिडले, आणि गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. तेव्हा दोघेही पन्नाशीला आलेले. म्हणजे काळ बदलूनही माणसे तीच होती. बदलले ते मैदान आणि नियम, आणि अडीच तासांत जे झाले नाही ते मिनिटभरात झाले. वेगवेगळ्या काळांतले मल्ल लावणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे. कोण जिंकेल हे विचारण्याआधी कोणाच्या घरी, हे विचारायला हवे.

खाशाबांचे घर मातीचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म 1926. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव. 1948 साली लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना परकी होती, तरी फ्लायवेटमध्ये सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले, गावानेही वर्गणी काढली. खाशाबा परतले ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून गुरुजींचे घर सोडवले. पुढचे वैयक्तिक पदक देशाला मिळायला 1996 साल उजाडले.

आमच्यातल्या तरुणांचे म्हणणे पडले की वजनाला वजन लावायचे तर खाशाबांसमोर राहुल आवारे. बीड जिल्ह्याचा, हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत घडलेला, 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच 57 किलोत सुवर्ण, पुढच्या वर्षी 61 किलोत जागतिक कांस्य. ही जोड आम्हां सगळ्यांना पटली. मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, राहुल. पायात शिरणे, रिंगणाबाहेर ढकलून एकेक गुण जमवणे, हे सगळे तो लहानपणापासून शिकलेला. मातीवर, हलगी वाजत असताना, वेळेचे बंधन नसताना, खाशाबा. मान बगलेत सापडली की ढाक बसलीच. कोल्हापूरकर आजोबा मात्र मॅटवरही खाशाबाच म्हणत राहिले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, ते खासबागेचे फड पाहिलेले गृहस्थ आहेत.

आणि मग त्यांनीच ती गोष्ट काढली. हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरवल्यावर खाशाबांची गाठ जपानच्या शोहाची इशीशी पडली. ती कुस्ती लांबली आणि खाशाबा हरले. इशी पुढे सुवर्ण घेऊन गेला. तेव्हाच्या कुस्त्या आजच्या दुपटीहून लांब. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेयोव्हशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांत अर्धा तास विश्रांती द्यायची, असा नियम होता. पण तो सांगायला, भांडायला, आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. ममेदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

मांडवात थोडा वेळ कोणी बोलले नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणांना हे पदक माहीत होते, घर गहाण टाकल्याचेही माहीत होते. अर्ध्या तासाचे थोड्यांनाच. आम्ही गामा लावत होतो, अली लावत होतो, पन्नास-साठ वर्षांच्या अंतरावरची माणसे एकमेकांसमोर उभी करत होतो, आणि एकाच दिवशी, एकाच मॅटवरची एक कुस्ती धड झालीच नव्हती. अली-मार्सियानोला संगणक लागला. इथे घड्याळ पाहणारा एक माणूस पुरला असता.

नातवाने आमच्या सगळ्या जोड्या आरतीच्या कागदामागे लिहून घेतल्या होत्या. गामा–खाशाबा खोडले होते. खाशाबा–राहुल आवारे, माती एक, मॅट एक, बरोबरी. त्याखाली आजोबांनी स्वतः पेन घेऊन लिहिले: खाशाबा जाधव – रशीद ममेदबेयोव्ह, हेलसिंकी, जुलै 1952, आधी अर्धा तास विश्रांती. निकालापुढची जागा त्यांनी कोरी सोडली. कागद अजून मंडळाच्या कपाटात आहे. यंदा चौथ्या दिवशी काढू.