झुबिन मेहता

झुबिन मेहता (जन्म: 29 एप्रिल 1936, मुंबई) हे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे जगप्रसिद्ध भारतीय वाद्यवृंद संचालक आहेत. मॉन्ट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, फ्लॉरेन्स, म्युनिक आणि तेल अवीव येथील वाद्यवृंद व संगीतिकागृहांचे प्रमुख म्हणून त्यांनी काम केले. इस्रायल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाशी त्यांचा संबंध अर्ध्या शतकाहून अधिक काळ राहिला. कारकीर्दीचा बहुतेक काळ परदेशात गेला, तरी त्यांनी भारतीय नागरिकत्व कायम ठेवले.

बालपण आणि शिक्षण

मेहतांचा जन्म मुंबईतील गुजराती भाषक पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील मेहली मेहता (1908–2002) हे व्हायोलिनवादक होते. त्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. त्या काळी मुंबईत पाश्चात्त्य संगीताचे पूर्णवेळ व्यावसायिक वादक मोजकेच होते. त्यामुळे हा वाद्यवृंद गोव्याचे वादक, पारशी हौशी कलावंत, मुंबईत राहणारे युरोपीय आणि नौदलाच्या बँडमधील वादक यांच्या बळावर उभा राहिला. घरी चालणाऱ्या तालमी आणि ग्रामोफोनच्या तबकड्या हेच झुबिन यांचे पहिले शिक्षण ठरले. लहानपणी ते व्हायोलिन आणि पियानोही शिकले. त्यांचे धाकटे बंधू झरीन मेहता पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे कार्यकारी संचालक झाले.

माझगाव येथील सेंट मेरीज शाळा आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. डॉक्टर होण्याच्या उद्देशाने सुरू केलेला अभ्यास सोडून 1954 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला गेले. तेथील संगीत अकादमीत त्यांनी हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंद संचालनाचे शिक्षण घेतले. डबल बेस हे त्यांचे वाद्य होते. कार्ल बोम यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने वाजवलेली ब्राम्सची पहिली सिम्फनी त्यांनी तेथे प्रत्यक्ष ऐकली. मुंबईतील तबकड्यांवरून ओळखीचे झालेले संगीत आणि वाद्यवृंदाचा प्रत्यक्ष नाद यांतील अंतर या अनुभवातून त्यांना जाणवले. 1956 मध्ये इटलीतील सिएना येथील उन्हाळी वर्गात पियानोवादक डॅनियल बारेनबॉइम आणि संचालक क्लाउडिओ अब्बादो यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. त्याच वर्षी हंगेरीतील उठावानंतर ऑस्ट्रियात आलेल्या निर्वासितांसाठी त्यांनी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून कार्यक्रम केला.

कारकीर्द

1958 मध्ये लिव्हरपूल येथील संचालकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मेहता पहिले आले आणि त्यांना तेथे वर्षभर साहाय्यक संचालकाचे काम मिळाले. 1961 मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी व्हिएन्ना, बर्लिन आणि इस्रायल या तिन्ही फिलहार्मोनिक वाद्यवृंदांचे संचालन केले होते. पुढे ते मॉन्ट्रियल सिम्फनीचे (1967 पर्यंत) आणि लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे (1962–1978) संगीत संचालक झाले. लॉस एंजेलिस येथे मेहतांना साहाय्यक म्हणून नेमताना आपल्याला विचारले नाही, या कारणावरून नियोजित संगीत संचालक गेऑर्ग शोल्टी यांनी पद सोडले. त्यामुळे ही जबाबदारी अनपेक्षितपणे मेहतांकडे आली.

1978 ते 1991 या काळात ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते. सतारवादक रविशंकर यांनी सतार आणि वाद्यवृंदासाठी रचलेला दुसरा कंचेर्तो 'रागमाला' याचे पहिले सादरीकरण 1981 मध्ये याच वाद्यवृंदाने मेहतांच्या संचालनाखाली केले. लिखित स्वरलिपीनुसार वाजवणारा वाद्यवृंद आणि उपजेला वाव देणारी राग-तालाची परंपरा यांना एका रचनेत आणण्याचा तो प्रयत्न होता. म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेरामध्ये त्यांनी 1998 ते 2006 या काळात काम केले. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्ष मैफलीचे संचालन त्यांनी 1990, 1995, 1998, 2007 आणि 2015 असे पाच वेळा केले.

सहवादन

मेहतांच्या कारकीर्दीत एकल वादकांसोबतच्या सहकार्याला मोठे स्थान आहे. कंचेर्तोमध्ये पियानो किंवा व्हायोलिन वाजवणारा कलावंत आणि संपूर्ण वाद्यवृंद यांची लय जुळवून ठेवणे हे संचालकाचे काम असते. बारेनबॉइम यांच्याबरोबर त्यांनी हे काम अनेक दशके केले. 1969 मध्ये लंडन येथे शुबर्टच्या 'ट्राउट' पंचवादनात बारेनबॉइम (पियानो), इट्झाक पर्लमन (व्हायोलिन), पिंकस झुकरमन (व्हिओला), जॅकलिन द्यु प्रे (चेलो) यांच्यासह मेहतांनी डबल बेस वाजवला. या तालमींवर व कार्यक्रमावर ख्रिस्टोफर नुपेन यांनी केलेला माहितीपट प्रसिद्ध आहे.

इस्रायल फिलहार्मोनिक

1936 मध्ये पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्रा म्हणून स्थापन झालेल्या या वाद्यवृंदाचे मेहता 1969 मध्ये संगीत सल्लागार, 1977 मध्ये संगीत संचालक आणि 1981 मध्ये आजीव संगीत संचालक झाले. जून 1967 च्या युद्धाच्या वेळी ते इस्रायलला पोहोचले आणि बारेनबॉइम व द्यु प्रे यांच्यासह त्यांनी कार्यक्रम केले. 1991 च्या आखाती युद्धातही क्षेपणास्त्रांच्या भीतीखाली त्यांचे कार्यक्रम चालू राहिले.

ऑक्टोबर 1981 मध्ये तेल अवीव येथे त्यांनी कार्यक्रमाच्या शेवटी वाग्नरचे संगीत वाजवण्याचा निर्णय घेतला. वाग्नरचे ज्यूविरोधी लेखन आणि नाझींनी त्याच्या संगीताचा केलेला वापर यांमुळे 1938 पासून या वाद्यवृंदाने ते वर्ज्य केले होते. ज्यांना ऐकायचे नसेल त्यांनी सभागृह सोडावे, असे मेहतांनी आधीच सांगितले; तरीही वादन सुरू होताच तीव्र निषेध झाला. नाझी छळातून वाचलेल्या सभागृहातील एका कर्मचाऱ्याने मंचाजवळ जाऊन अंगावरचे व्रण दाखवले. कोणत्याही संगीतावर बंदी नसावी ही भूमिका आणि ऐकणाऱ्यांच्या जखमा यांतील हा संघर्ष मिटला नाही. वाग्नर वाजवण्याचा प्रयत्न पुढे सोडून देण्यात आला. ऑक्टोबर 2019 मध्ये मेहता या पदावरून निवृत्त झाले. त्यांच्यानंतर लाहाव शानी हे पियानोवादक-संचालक त्या पदावर आले.

संघर्षभूमीवरील कार्यक्रम

जून 1994 मध्ये युद्धग्रस्त सारायेव्हो येथे, जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अवशेषांत, मेहतांनी तेथील वाद्यवृंदासह मोझार्टचे 'रेक्विएम' सादर केले. 1999 मध्ये बुखेनवाल्ट छळछावणीनजीक वायमार येथे त्यांनी इस्रायली आणि जर्मन वादकांना एकत्र आणून माहलरची दुसरी सिम्फनी सादर केली.

7 सप्टेंबर 2013 रोजी श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला. त्यात अभय रुस्तम सोपोरी आणि काश्मिरी वादकांचाही सहभाग होता. फुटीरतावादी संघटनांनी बंद पुकारला, तर नागरी गटांनी समांतर कार्यक्रम केला. निमंत्रितांपुरता मर्यादित राहिलेला हा कार्यक्रम सर्वांसाठी खुला असायला हवा होता, अशी भावना मेहतांनीही व्यक्त केली.

भारताशी संबंध

भारत आणि इस्रायल यांच्यात 1992 मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्यानंतर 1994 मध्ये मेहतांनी इस्रायल फिलहार्मोनिक भारतात आणले. 2016 मध्ये ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त याच वाद्यवृंदासह त्यांनी मुंबईत कार्यक्रम केले. 2023 मध्ये त्यांनी मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे संचालन केले. वडिलांच्या नावाने स्थापन झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुंबईत मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण देते.

पुरस्कार आणि सन्मान

पद्मभूषण (1966)
इस्रायल पुरस्कार, विशेष सन्मान (1991)
पद्मविभूषण (2001)
केनेडी सेंटर सन्मान (2006)
प्रेमियम इंपेरियाले, जपान (2008)
टागोर सांस्कृतिक सौहार्द पुरस्कार (2013)