घनतेची रुजवात

पाचव्या शतकाच्या आरंभी, लिबियाच्या किनाऱ्यावरील सायरीन नगरीत जन्मलेल्या आणि पुढे ख्रिस्ती धर्मगुरुपदास चढलेल्या सिनेसियस नावाच्या विद्वानाने आलेक्झांड्रियातील आपल्या गुरू हायपेशिया यांना एक छोटेखानी पत्र लिहिले. आपल्या विपन्नावस्थेचा उल्लेख करून त्याने त्यांच्याकडे एका उपकरणाची मागणी केली, आणि ते घडविणाऱ्या कारागिराचा गैरसमज होऊ नये म्हणून त्याचे वर्णनही दिले: बासरीएवढी एक नळी, तिच्या अंगावर एका ओळीत कोरलेल्या खाचा, आणि ती पाण्यात उभी राहावी म्हणून बुडाशी बसविलेला शंकूच्या आकाराचा जड भाग. सतराव्या शतकात पिएर द फर्मा या फ्रेंच गणित्याने त्या वर्णनाचा उलगडा करून, द्रवाचे जडपण मोजणारे ते तरते उपकरण होय, असे दाखवून दिले. आज साखर कारखान्याच्या, आसवनीच्या किंवा कापडगिरणीच्या प्रयोगशाळेत काचेच्या उंच नळकांड्यात जो हायड्रोमीटर तरंगताना दिसतो, तो रूपाने त्या पत्रातील उपकरणाहून फारसा निराळा नाही. मधल्या दीड हजार वर्षांत त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याच्या अटी मात्र पुष्कळ बदलल्या, आणि त्या अटींचा इतिहास तितकाच मननीय आहे.

त्यामागील तत्त्व आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच सांगून ठेवले होते. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकाच द्रव बाजूस सारते. म्हणून द्रव जितका दाट, तितकी ती वर राहते, आणि जितका पातळ, तितकी खोल बुडते. या तत्त्वाला मोजमापाच्या शिस्तीत बसविण्याचे मोठे कार्य मध्ययुगात इस्लामी जगतातील विद्वानांनी केले. अल्-बिरूनीने धातू आणि रत्ने यांची विशिष्ट गुरुत्वे काढली. आणि मर्व येथे सुलतान संजरच्या आश्रयास असलेल्या अल्-खाझिनीने ११२१ साली सिद्ध केलेल्या ‘मीझान अल्-हिक्मा’ या ग्रंथात तराजूच्या शास्त्राबरोबरच तरत्या घनतामापकाचेही सविस्तर विवेचन केले. तराजू आणि तरता मापक ही दोन साधने एकाच ग्रंथात शेजारी नांदावीत, ही गोष्ट पुढील सगळ्या इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे.

युरोपात या उपकरणाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेपेक्षा सरकारी महसुलाच्या निकडीने. रॉबर्ट बॉइलने १६७५ साली खोटी नाणी ओळखण्यासाठी तरत्या मापकाचा उपयोग सुचविला. परंतु इंग्लंडच्या तिजोरीला नाण्यांहून मोठी चिंता मद्यावरील कराची होती. मद्यात पाणी किती आणि मद्यार्क किती, हे ठरविण्याची जुनी रीत अशी की बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवावयाची. पेटली तर मद्य कसास उतरले, न पेटली तर त्यात पाणी अधिक. अशा परीक्षेवर कर बसविणारा अंमलदार आणि कर भरणारा आसवनीवाला यांच्यात तंटा न होता तरच नवल. जॉन क्लार्क याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेला हायड्रोमीटर १७८७ साली कायद्याने मान्य झाला. पण त्याला जोडावयाच्या वजनांची संख्या वाढत गेली, आणि त्याच्या अचूकतेविषयीचा असंतोषही वाढला.

तेव्हा सरकारने रॉयल सोसायटीकडे सल्ला मागितला. सोसायटीचे चिटणीस चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७९० साली आपला अहवाल सादर केला, आणि त्यासाठी जॉर्ज गिल्पिन याने मद्यार्क आणि पाणी यांची निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणे निरनिराळ्या तापमानांस काचेच्या कुपीत भरून, तोलून, १७९४ साली विस्तृत कोष्टके प्रसिद्ध केली. हे परिश्रम अटळ होते. कारण मद्यार्क आणि पाणी एकत्र आले की मिश्रणाचे आकारमान आक्रसते, पन्नास भाग मद्यार्कात पन्नास भाग पाणी मिसळले असता शंभरऐवजी सुमारे सत्त्याण्णव भागच भरतात, आणि म्हणून केवळ त्रैराशिक मांडून बळ काढता येत नाही. पुढे बार्थोलोम्यू साइक्स याच्या रचनेचा सोनेरी मुलाम्याचा पितळी हायड्रोमीटर, त्याच्या मृत्यूनंतर, १८१६ च्या कायद्याने अधिकृत ठरला. शून्यापासून दहापर्यंत खुणा असलेली चपटी दांडी, तिच्या जोडीला दहापासून नव्वदपर्यंतची नऊ वजने, एक तापमापक आणि एक कोष्टकांचे पुस्तक, एवढ्या सरंजामावर ब्रिटिश साम्राज्याचा मद्यकर दीडशेहून अधिक वर्षे आकारला गेला. अंमलदाराच्या हाती तरता मापक होता खरा. परंतु मद्याच्या घनतेवरून त्याचे बळ सांगण्याचे ज्ञान मुळात कुपी आणि तराजू यांनीच मिळवून दिले होते. एका साधनाचा अधिकार दुसऱ्या साधनाच्या साक्षीवर उभा राहतो, हे सूत्र येथे प्रथम ठळकपणे दिसते.

हेच उपकरण मुंबई इलाख्यात उतरले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्यांवर नियंत्रण आले, मोहाची दारू सरकारी देखरेखीखालील आसवन्यांतून काढण्याची व्यवस्था रूढ झाली, आणि उरण, नाशिक येथील आसवन्यांत साइक्सचा मापक अबकारी निरीक्षकाच्या दप्तराचा भाग बनला. ‘प्रूफ’ म्हणजे ५१ अंश फॅरनहाइट तापमानास समान आकारमानाच्या पाण्याच्या बारा-तेरांश वजनाचे मद्य, ही विलायती व्याख्या कोकणातल्या मोहाच्या दारूसही लागू झाली. ‘पंचवीस अंडर प्रूफ’ या परिभाषेचे आजच्या टक्केवारीत रूपांतर केले तर ४२.८ टक्के मद्यार्क येतो, आणि आज भारतातील मद्याच्या बाटल्यांवर जो ४२.८ हा विचित्र वाटणारा आकडा छापलेला असतो, त्याचे मूळ या जुन्या व्यवस्थेत आहे. ब्रिटनने स्वतः १९८० साली प्रूफची रीत सोडली; आपल्याकडे तिचा ठसा टिकून राहिला.

मिठागरांची कथा याहून वेगळी नाही. मुंबई इलाख्यात जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही चारही खाती एकाच आयुक्ताच्या हाताखाली असत. मिठागराच्या वाफ्यांत शिरणारे समुद्राचे पाणी बोमे मापावर सुमारे तीन-साडेतीन अंश दाखविते. उन्हाने आटत आटत ते पंचविसाच्या आसपास आले की मीठ धरू लागते, आणि एकोणतीस-तीस अंशांच्या पुढे उरलेले कडवट पाणी काढून टाकले नाही तर मॅग्नेशियमचे क्षार मिठास बिघडवितात. अनुभवी आगरी हे पाण्याच्या रंगावरून आणि त्यावर धरणाऱ्या साईवरून ओळखतो. मापकाने त्या ज्ञानाला आकड्याचे रूप दिले, आणि आकडा एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो.

हे बोमे माप आंत्वान बोमे या पॅरिसच्या औषधिकाने १७६८ साली आखले. पाण्यापेक्षा जड द्रवांसाठी त्याने शुद्ध पाण्यास शून्य आणि शेकडा पंधरा भाग मीठ असलेल्या द्रावणास पंधरा मानले; हलक्या द्रवांसाठी मात्र शेकडा दहा मिठाच्या द्रावणास शून्य आणि पाण्यास दहा मानले. त्याची ही पद्धत कोणत्याही कारखान्यात मीठ आणि पाणी यांच्या साहाय्याने पुन्हा उभी करता येत असे, हेच तिच्या प्रसाराचे कारण. त्यानंतर प्रत्येक धंद्याने आपापले अंश निर्माण केले. ग्लासगोच्या ट्वाडेलचे माप कापडगिरण्यांत रुजले. त्याचा आकडा दोनशेने भागून त्यात एक मिळविला की विशिष्ट गुरुत्व येते, म्हणून पन्नास ट्वाडेलचे कॉस्टिक म्हणजे १.२५ विशिष्ट गुरुत्वाचे. प्रागमध्ये कार्ल बालिंग याने १८४३ साली साखरेच्या द्रावणांची कोष्टके केली, आणि जर्मनीत आडोल्फ ब्रिक्स याने ती सुधारली. तेव्हापासून शंभर ग्रॅम द्रावणात एक ग्रॅम साखर म्हणजे एक ब्रिक्स, हा व्यवहार जगभरच्या साखरधंद्याने स्वीकारला.

महाराष्ट्रात या मापाला जे सामाजिक महत्त्व आले, ते अन्यत्र क्वचितच आले असेल. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला उकळता पाक थंड पाण्यात टाकून, बोटांनी त्याची गोळी वळून, गूळ उतरविण्याची वेळ ठरवितो. हे कौशल्य थोर असले तरी ते त्याच्या बोटांतच राहते. परंतु विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरेकाठी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्यात १९५० साली गाळप सुरू झाले, तेव्हा ऊस पिकविणारा शेतकरी हाच कारखान्याचा भागीदार होता, आणि रसाचा प्रत्येक आकडा त्याच्या हिताशी जोडला गेला. आज उसाचा दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला आहे आणि उताऱ्याचा हिशेब प्रयोगशाळेतील नोंदींशी. अशा ठिकाणी मोजमापाची शुद्धता हा न्यायाचा प्रश्न होतो.

आणि ही शुद्धता सोपी नाही. ताज्या रसात हवा मिसळलेली असते. नमुना नळकांड्यात काठोकाठ भरून पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ ठेवला नाही तर बुडबुडे मापकाला उचलून धरतात. आपल्याकडील ब्रिक्स हायड्रोमीटर सामान्यतः २७.५ अंश सेल्सियसवर अंकित असतात. रस त्याहून गरम असेल तर तो विरळ होतो, आकडा कमी दिसतो, आणि कोष्टकातून तापमानाची दुरुस्ती घ्यावी लागते. त्याहून मोठी मर्यादा अशी की हायड्रोमीटरला केवळ घनता कळते; ती साखरेने आली की क्षारांनी, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून ध्रुवणमापकाने काढलेला ‘पोल’ आणि हायड्रोमीटरचा ‘ब्रिक्स’ यांच्या गुणोत्तरातून रसाची ‘प्युरिटी’ काढावी लागते. मळीची गोष्ट तर आणखी कठीण: इतक्या चिकट द्रवात मापक आपल्या जागी स्थिरावतच नाही, म्हणून ती तोलून पाण्यात पातळ करावी लागते, अथवा कुपीचा आश्रय घ्यावा लागतो.

ही विशिष्ट गुरुत्वाची कुपी म्हणजे प्रयोगशाळेतील सर्वांत संथ आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार. बारीक छिद्राच्या बुचाची ती छोटी बाटली प्रथम रिकामी, मग पाण्याने भरून, मग परीक्ष्य द्रवाने भरून, ठरल्या तापमानास आणून, बाहेरून कोरडी पुसून तोलावयाची. वेळ पुष्कळ जातो, पण त्यात गृहीत धरलेले असे फार थोडे असते. मेंडेलीव्हने मद्यार्क आणि पाणी यांच्या संयोगावरील आपला १८६५ चा प्रबंध अशाच तोलण्याच्या चिकाटीवर रचला. कुपीचा काटेकोरपणा आणि तरत्या मापकाची शीघ्रता यांच्या मधला मार्ग कार्ल फ्रीडरिख मोर याने दाखविला आणि सेले येथील वेस्टफाल याने सुधारला: तराजूच्या दांडीस टांगलेला काचेचा लोलक द्रवात बुडवावयाचा, आणि दांडीवरील खाचांत दशमान वजने अडकवून समतोल साधावयाचा, वजनांच्या जागाच घनतेचे अंक वाचून दाखवितात.

इतकी साधने एकाच कामासाठी का, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर दुधाने दिले आहे. दुधात पाणी घातले की त्याची घनता घटते, आणि गावातल्या दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटरची ‘डिग्री’ लागत नाही. पण स्निग्धांश पाण्याहून हलका असल्यामुळे साय काढून घेतली की घनता वाढते. म्हणून आधी साय काढून मग बेताने पाणी घालणाऱ्या लबाडाचे दूध निर्दोष डिग्री दाखवू शकते. १८९० च्या सुमारास अमेरिकेत बॅबकॉकने आणि स्वित्झर्लंडमध्ये गर्बरने स्निग्धांश मोजण्याच्या रीती काढल्या, तेव्हा कोठे ही फसवणूक उघडी पडली. डिग्री आणि फॅट यांची रुजवात घातल्यावाचून दुधाची शहानिशा होत नाही, हे आज डेअरीवर दूध घालणारी गृहिणीही जाणते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घनतामापनाने एकदम वेगळे वळण घेतले. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो क्राट्की, हान्स लेओपोल्ड आणि हान्स श्टाबिंगर यांनी कंप पावणाऱ्या नळीची रीत विकसित केली, आणि त्याच नगरातील आंतोन पार या संस्थेने १९६७ साली तीवर आधारलेले पहिले अंकीय उपकरण जगापुढे ठेवले. इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकविलेल्या काचेच्या बारीक नळीत थोडासाच द्रव भरून तिला कंपित करावयाचे. द्रव जितका जड, तितके कंपन मंद, आणि एका कंपनास लागणाऱ्या काळाचा वर्ग घनतेच्या सरळ प्रमाणात वाढतो. तापमान उपकरणच स्थिर राखते आणि पाच दशांश स्थळांपर्यंतचा आकडा काही मिनिटांत समोर येतो. पुढे तर नळातून वाहणाऱ्या द्रवाची घनता कोरिऑलिस तत्त्वावरील मापक क्षणोक्षणी नियंत्रण कक्षात कळवू लागले, आणि नमुना घेण्याचे कामही कित्येक ठिकाणी मागे पडले.

या प्रगतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तिने कामगाराचे श्रम वाचविले आणि चुकांची अनेक दारे बंद केली. परंतु कंपित नळीलाही हवा आणि शुद्ध पाणी यांच्या ज्ञात घनता अगोदर शिकवाव्या लागतात. तिच्यातला एखादा सूक्ष्म बुडबुडा पाचही दशांश स्थळे निरर्थक करतो. आणि अतिचिकट द्रवात तिच्या वाचनालाही दुरुस्ती लागते. पडद्यावरचा आकडा मात्र बरोबर असो वा चूक, सारख्याच ठामपणे झळकतो. तरत्या मापकात डोळ्यांना दिसणारी शंका, त्याचे डुलणे, त्याचे काचेला चिकटणे, द्रवाच्या वर चढलेल्या कडेपाशी वाचन करावे की सपाट पृष्ठभागाशी हा प्रश्न, हे सारे नव्या उपकरणात आत दडून राहते. आणि म्हणूनच त्याची वारंवार तपासणी करण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

यासाठी कारखान्याच्या प्रयोगशाळेने हायड्रोमीटर, कुपी आणि तराजू अडगळीत न टाकता वापरात ठेवावीत, नव्या रसायनज्ञाने ती हाताळण्यास शिकावे, आणि ठराविक दिवशी एकाच नमुन्याची घनता निदान दोन भिन्न तत्त्वांवरील साधनांनी काढून, त्यातील तफावत नोंदवहीत प्रांजळपणे लिहावी. बंदुकीची दारू भिजवून पाहणाऱ्या अंमलदारापासून आजच्या नियंत्रण कक्षापर्यंत प्रत्येक सुधारणेमागे एकच मागणी होती: ज्याच्या पदरात आकड्याचा परिणाम पडतो, त्याला तो आकडा पडताळून मागता यावा. ऊस घालणारा शेतकरी आणि दूध घालणारी बाई यांचा तो हक्क आहे, आणि तो पुरा करण्याइतकी साधने शतकांच्या परिश्रमाने आपल्या हाती आलेली आहेत.