गळ्यातली नळी निघावी म्हणून

ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात 1883 मध्ये एपिस्कोपल चर्चच्या पुढाकाराने मुलांसाठी एक रुग्णालय निघालं. आज ते ‘सिनसिनाटी चिल्ड्रन्स’ म्हणून ओळखलं जातं. अल्बर्ट सेबिन यांनी तोंडावाटे द्यायची पोलिओची लस इथल्याच संशोधन संस्थेत काम करताना तयार केली. पण मुलांच्या घशाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांना या रुग्णालयाच्या नावासरशी आठवतं ते क्रिकॉइड.

क्रिकॉइड म्हणजे स्वरतंतूंच्या जरा खाली असलेलं कूर्चेचं कडं. श्वासनलिकेची कडी मागून उघडी असतात, हे मात्र पूर्ण बंद. आतून सूज आली तर ते बाहेर फाकत नाही. नवजात बाळात ही वाट जेमतेम 4 मिलिमीटर रुंद. सगळीकडून 1 मिलिमीटर सूज आली की हवेला उरते चौथाई जागा.

1960च्या दशकात अकाली जन्मलेल्या बाळांच्या श्वासनलिकेत बरेच दिवस नळी ठेवण्याची पद्धत रुळली. बाळं वाचू लागली आणि नळीच्या दाबाने या कड्यात व्रण होऊन वाट आकसू लागली. उपचारानेच जन्माला घातलेलं हे दुखणं. मग गळ्याला भोक पाडून तिथे दुसरी नळी, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी. अशा बाळाचं रडणं ऐकू येत नाही, आणि नळी चिकट स्रावाने बुजली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. या घरांत आईबाप आळीपाळीने जागतात.

क्रिकॉइड कापलं तर मुलाचं स्वरयंत्र वाढायचं थांबेल, या धास्तीने शल्यचिकित्सक त्याला हात लावत नसत. टोरांटोत ब्लेअर फीअरन आणि त्यांचे तरुण सहकारी रॉबिन कॉटन यांनी माकडांवर प्रयोग केले आणि 1972 मध्ये ते प्रसिद्ध केले. कडं पुढून उभं चिरून मधे कूर्चेचा तुकडा बसवला, तरी वाढ अडली नाही. पुढच्याच वर्षी कॉटन सिनसिनाटीला आले आणि ही शस्त्रक्रिया तिथे मुरली. कूर्चा मुलाच्याच बरगडीची. ती होडीच्या आकारात कोरायची, तिच्यावरचं पातळ आवरण हवेच्या बाजूला ठेवायचं. अरुंदपणा फार असेल तर मागूनही कडं चिरून दुसरा तुकडा. लंडनमध्ये इव्हान्स आणि टॉड त्याच सुमारास वेगळ्या छेदाने हीच वाट रुंदावत होते, हेही सांगायला हवं.

माझ्या मते सिनसिनाटीच्या या विभागाचं खरं मोठेपण मोजमापात आहे. पूर्वी ‘बरंच अरुंद’ म्हणजे ज्याच्या त्याच्या नजरेला येईल तेवढं. 1994 मध्ये मायर, ओकॉनर आणि कॉटन यांनी साधा उपाय सुचवला: वेगवेगळ्या मापांच्या नळ्या घालून पाहा, सैल बसणारी सर्वांत मोठी कोणती ते ठरवा आणि वयाच्या मापाशी ताडून पाहा. निम्म्यापर्यंत बंद ती पहिली श्रेणी, 70 टक्क्यांपर्यंत दुसरी, 99 पर्यंत तिसरी, अजिबात वाट नाही ती चौथी. नळ्या तर प्रत्येक शस्त्रक्रियागृहात होत्याच. त्यामुळे जगभरचे डॉक्टर आपले निकाल एकमेकांशी ताडून पाहू लागले.

परक्याचं घ्यायलाही इथे संकोच नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे फिलिप मोनिए आकसलेला भागच काढून टाकून टोकं जोडत. चौथ्या श्रेणीत बरगडीचा तुकडा कमी पडतो हे दिसल्यावर सिनसिनाटीने ती पद्धत उचलली. न्यूझीलंडहून आलेल्या मायकेल रटर यांनी खालच्या श्वासनलिकेसाठी स्लाइड पद्धत इथे नावारूपाला आणली: श्वासनलिका आडवी कापायची, एक तुकडा पुढून आणि दुसरा मागून उभा चिरायचा आणि दोन्ही एकमेकांवर सरकवून शिवायचे. लांबी घटते, रुंदी वाढते.

शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही काही मुलांचा गळा पुन्हा आकसे. जठरातलं आम्ल वर येणं, अन्ननलिकेची ॲलर्जी, गिळताना घास फुप्फुसात जाणं, अशी कारणं पुढे येत गेली. म्हणून आता फुप्फुसतज्ज्ञ, पोटविकारतज्ज्ञ आणि गिळणं तपासणारे थेरपिस्ट मुलाला आधी एकत्र पाहतात आणि सुरीचा निर्णय मग होतो. कधीकधी तो काही महिने पुढेही ढकलला जातो, आणि नळी लवकर निघावी म्हणून आलेल्या आईबापांना ते पटवणं सोपं नसतं.

नळी निघालेल्या मुलांपैकी अनेकांचा आवाज घोगरा किंवा दबका राहतो. वर्गात हाक मारली तरी ती पोचत नाही. मुलांच्या आवाजाच्या विकारांसाठी रुग्णालयात आता स्वतंत्र केंद्र आहे.