उपराष्ट्रपतिपद : तामिळनाडूचे तिसरे मानकरी
चेन्नई : सी. पी. राधाकृष्णन यांनी 12 सप्टेंबर 2025 रोजी उपराष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. सर्वपल्ली राधाकृष्णन (1952) व आर. वेंकटरामन (1984) यांच्यानंतरचे ते तामिळनाडूचे तिसरे उपराष्ट्रपती. त्याआधी ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

उपराष्ट्रपती राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात. वेतनही सभापती म्हणूनच मिळते. पदाचे खरे वजन मात्र राष्ट्रपतिपद रिक्त झाल्यावर कळते. डॉ. झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर मे 1969 मध्ये व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. निवडणूक लढविण्यासाठी त्यांनी जुलैत राजीनामा दिला आणि दोन्ही पदे एकदम रिकामी झाली. घटनेने अशा प्रसंगाची व्यवस्था संसदेवर सोपविली होती. सुदैवाने तसा कायदा मे महिन्यातच झाला होता. त्यानुसार सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी सूत्रे स्वीकारली. हेच हिदायतुल्ला 1979 मध्ये उपराष्ट्रपती झाले.